कुंपण न पडलेलं गाव

शेजाऱ्याचा नांगर हातभर पुढे सरकला तर आपल्याकडे काय होतं हे कुणाला सांगायला नको. आधी बांधावर आवाज चढतात, मग बोलणं बंद, मग मोजणीचा अर्ज, मग तालुक्याचं कोर्ट, आणि ज्याने नांगर घातला तो आणि ज्याने तक्रार केली तो असे दोघंही वर गेले तरी नातवंडं तारखांना हजर. आमच्या माहेरी अशी एक केस आहे, जास्त सांगत नाही, मंडळी अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तर इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर काउंटीत लॅक्स्टन नावाचं एक बारकं गाव आहे, तिथे याच गुन्ह्याचा निकाल आठवड्याभरात लागतो. कोर्ट भरतं गावातल्या पबमध्ये, गुन्हा शोधून काढणारे गावातलेच शेतकरी, आणि दंड किती, तर काही पौंड. हौस म्हणून केलेलं नाटक नाहीये हे, कायद्याने मान्य असलेलं कोर्ट आहे आणि शेकडो वर्षं चालत आलंय.

आम्ही नॉटिंगहॅमच्या बाजूला राहायला आल्यापासून जो पाहुणा येतो त्याला शेरवूडच्या जंगलात नेणं हे ठरलेलं काम. रॉबिन हूड, तो अवाढव्य जुना ओक, समोर फोटो, मग आइस्क्रीम. तिथून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर लॅक्स्टन आहे आणि कुणी म्हणून नाव काढत नाही. मलाही एका लायब्ररीत शेतीच्या इतिहासाचं पुस्तक चाळताना कळलं. रॉबिन हूड होता की नव्हता यावर अजून वाद आहेत, पण लॅक्स्टनची शेतं आहेत, त्यावर पाय ठेवता येतो. पहिल्यांदा गेले तेव्हा नवऱ्याने गाडी थांबवून विचारलं की हेच का ते, कारण बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं. पोस्टकार्डवर असतं तसं गवताच्या छपराचं घर नाही, बदकांचं तळं नाही, चहा-स्कोनची दुकानं नाहीत. लाल विटांची घरं, लाल कौलं, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकातून पडलेला चिखल, आणि मुरघासाचा तो आंबूस वास, जो जगात कुठेही गेलात तरी सेम.

पण जरा चाललं की एक गोष्ट खटकायला लागते. इंग्लंडमध्ये बाकी ठिकाणी शेतकऱ्याचं घर शेतात असतं, गावापासून लांब, एकटं, आजूबाजूला स्वतःची जमीन आणि तिला चहूबाजूंनी झुडपांचं कुंपण. लॅक्स्टनमध्ये शेतकऱ्यांची घरं गावातच, रस्त्याला खेटून, कितीतरी घरांची बाजूची भिंत रस्त्याकडे, आणि मागे गोठे, वखारी, परडं असं लांबच लांब. शेत बाहेर आणि घर गावात. आपल्याला यात विशेष काय वाटणार, आपली सगळी गावं अशीच. पण इंग्रज माणूस इथे येऊन थबकतो, कारण त्याच्या देशात ही मांडणी दोनेकशे वर्षांपूर्वीच जवळपास संपली. घर गावात का, तर जमीन एका जागी नाहीच. एक पट्टा इकडे, दोन तिकडे, चार टेकाडापलीकडे. घर बांधायचं तर कुठल्या पट्ट्यावर बांधणार?

गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत. साउथ फील्ड, वेस्ट फील्ड आणि मिल फील्ड. शेत म्हणजे आपण म्हणतो तसं कुणा एकाचं शेत नव्हे, एकेक शेत म्हणजे अख्खं शिवारच, आणि त्यात पट्टे पाडलेले. पट्ट्यांच्या मध्ये ना तार, ना झुडूप, ना भिंत. पंगतीत केळीची पानं मांडावीत तसे शेजारी शेजारी लांबट पट्टे, प्रत्येकाचा धनी वेगळा. लांबट का, तर जुन्या काळी जड नांगर बैलांच्या मोठ्या जोतावर चालायचा, आणि असं जोत वळवणं हे महाकर्मकठीण काम, म्हणून जितकं सरळ जाता येईल तितकं जायचं आणि कमीत कमी वेळा वळायचं. इथली माती चिकणमातीच आहे, पावसाळ्यात, म्हणजे इथे जवळजवळ कधीही, बुटाला किलोभर चिकटते. त्या मातीत नांगर ओढणाऱ्या बैलांची दया येते.

तीन शेतं असण्याचं कारण साधं. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, जव किंवा घेवड्यासारखं काहीतरी, आणि तिसरं पड. पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत असतात, नाहीतर ज्याची सगळी जमीन पड शेतात त्याने त्या वर्षी खायचं काय. आणि एकाच शेतातसुद्धा ते विखुरलेले, थोडे उतारावर, थोडे खोलगटात, म्हणजे चांगली माती एकालाच आणि पाणथळ दुसऱ्यालाच असं नको. गारा पडल्या, कीड आली, तरी सगळंच जात नाही. आता पड शेत अगदी मोकळं ठेवत नाहीत, गवत किंवा चाऱ्याचं पीक घेतात, पण चक्र तेच. सगळ्यात मोठी अट अशी की आपल्या पट्ट्यात काय पेरायचं हे आपण एकट्याने ठरवायचं नाही. शेत गव्हाचं तर गहूच. मला यंदा सोयाबीन लावायचंय, दर चांगला आहे, असली भाषा इथे चालत नाही. आमच्या भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला की मग तो शेतकरी कसला, नोकरच झाला की. त्याच्याही म्हणण्यात दम आहे, पुढे येते त्यावर.

आता थोडा इतिहास, कारण तो मजेदार आहे. १०८६ साली, फ्रान्सच्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकलेल्या विल्यम राजाने देशाची जी मोजदाद करून घेतली, ते डूम्सडे बुक, त्यात हे गाव आहे. टोची नावाच्या माणसाकडून जमीन जाऊन नॉर्मन सरदार जेफ्री आल्सेलिनकडे आली. नोंद अगदी कोरडी, आपल्या सातबाऱ्यासारखीच. बावीस कुळं, सात अल्पभूधारक, पाच गुलाम आणि एक गुलाम बाई, चाळीस एकर कुरण, शिवाय जंगल. किंमत आधी नऊ पौंड होती, आता सहा. नऊचे सहा झाले या दोन आकड्यांमागे नवं राज्य येताना काय काय झालं असेल ते झालं असेल, कारकुनाने फक्त आकडा लिहिला. त्या एका गुलाम बाईवर मी अडकले होते बराच वेळ. पुरुषांची मोजणी घाऊक आणि ती एकटीच वेगळी लिहिलेली. नाव अर्थातच नाही.

गावाच्या उत्तरेला गढी होती. होती म्हणजे आता गवताने झाकलेली मोठी मातीची टेकडी आणि तिच्यापुढे खोल चरांनी वेढलेलं मोकळं आवार, मेंढ्या चरत असतात. बाराव्या शतकात ही गढी फार महत्त्वाची, कारण नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायरमधल्या राजाच्या जंगलांचा रखवालदार इथे बसायचा. म्हणजे ज्या जंगलात रॉबिन हूड हरणं मारत होता असं म्हणतात, त्या हरणांचा अधिकृत मालक राजा आणि राजाचा माणूस लॅक्स्टनला. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन राजाची खप्पामर्जी झाली आणि गाव जाळू नये म्हणून गावकऱ्यांनी शंभर पौंड भरल्याची नोंद आहे. ज्या गावाची अख्खी किंमत एकेकाळी सहा पौंड धरली होती त्या गावाने शंभर पौंड कसे गोळा केले असतील? कोणी भांडी विकली असतील, कोणी बैल.

चर्चमध्ये या रखवालदारांच्या घराण्यातल्या ॲडम द एव्हरिंगहॅमची थडग्यावरची मूर्ती आहे, शेजारी दोन बायकांच्या. तो स्वतः दगडात, पहिली बायको दगडात आणि दुसरी लाकडात. ओकचं लाकूड, चौदाव्या शतकातलं, आणि अख्ख्या नॉटिंगहॅमशायरमध्ये त्या काळची लाकडी मूर्ती एवढी एकच. बजेट संपलं होतं की काय असं वाटून आधी हसू आलं. मग जवळ जाऊन बघितलं तर लाकडाला उभ्या भेगा गेल्यात, चेहरा झिजलाय, पण हात जोडलेले तसेच. दगडी दोघांपेक्षा तीच जास्त माणूस वाटते.

यानंतर जे आहे ते मला अगदी अनपेक्षित होतं. १६३५ मध्ये या गावाचा एक नकाशा काढला गेला. काढणारा मार्क पियर्स, काढून घेणारा सर विल्यम कोर्टीन. कोर्टीन हा लंडनचा मोठा व्यापारी, बापाचं घराणं फ्लेमिश, म्हणजे आताच्या बेल्जियमकडचे निर्वासित, कापडाच्या धंद्यात वर आलेलं, राजाला कर्ज देण्याइतका पैसा. बार्बेडोसची पहिली इंग्रज वसाहत याच्याच पैशाने उभी राहिली, १६२७ मध्ये. अशा माणसाने लॅक्स्टनची जहागीर विकत घेतली आणि नवा मालक जे करतो तेच केलं, आपण नक्की काय घेतलंय ते मोजून घेतलं. आणि त्याच १६३५ सालच्या डिसेंबरमध्ये त्याच्या मंडळींना चार्ल्स राजाकडून पूर्वेकडे व्यापाराची परवानगी मिळाली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. कोर्टीन असोसिएशन म्हणतात ती हीच. १६३६ च्या एप्रिलमध्ये कॅप्टन जॉन वेडेलची जहाजं निघाली, ती आली थेट गोव्याला. तिथून पुढे भटकळ, मग चीनच्या किनाऱ्यावर मकाव, कॅन्टन. १६३८ मध्ये कारवारला यांची वखार पडली, मिरीसाठी.

म्हणजे बघा, एकच माणूस, एकाच वर्षी, एका हाताने नॉटिंगहॅमशायरमधल्या चिखलाचे पट्टे मोजून घेतोय आणि दुसऱ्या हाताने आपल्या कोकण-कारवारच्या किनाऱ्यावर जहाजं पाठवायची तयारी करतोय. आपल्याकडे इंग्रजांचा इतिहास शिकताना ते नेहमी समुद्रातून एकदम उगवल्यासारखे येतात, वखार, तराजू, मग तलवार. त्यांच्या मागे अशी गावं होती, त्या गावांचा खंड होता, त्या गावांत कुळं होती, हे आमच्या पुस्तकात तरी कुठे नव्हतं. कोर्टीनला स्वतःला यातलं काही लाभलं नाही. जहाजं गोव्याला पोहोचायच्या आधीच, १६३६ मध्येच, तो वारला. राजाला दिलेली कर्जं बुडली, मुलगा सावकारांना चुकवत इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन मेला. नातवाला शंख-शिंपले, नाणी, वाळवलेली पानं-फुलं गोळा करायचा नाद, त्याचा संग्रह हॅन्स स्लोन नावाच्या मोठ्या संग्राहकाकडे गेला आणि स्लोनच्या संग्रहावर ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. लॅक्स्टन मात्र लवकरच विकावं लागलं आणि ते पियरपाँट घराण्याकडे गेलं, हेच पुढचे अर्ल मॅनव्हर्स.

मूळ नकाशा आता ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे, गावात पबच्या मागे एक छोटं माहिती केंद्र आहे तिथे प्रत बघायला मिळते. ती प्रत बघताना वेळ कसा जातो कळत नाही. दोन हजारांहून जास्त पट्टे, प्रत्येक वेगळा आखलेला, आणि मार्क पियर्सला नुसत्या रेघा ओढून कंटाळा आला असावा म्हणून की काय, त्याने मधे मधे माणसं काढलीत. एकजण नांगर धरून चाललाय. कापणी चालू आहे. गुरं आहेत. एका कोपऱ्यात हरणामागे शिकारी. मालकाला खंड किती येणार तेवढं कळलं असतं तरी पुरे होतं, नांगर धरलेला माणूस काढायची काही गरज नव्हती. पण काढला, आणि म्हणून आज चारशे वर्षांनी तो माणूस दिसतो, इंचाएवढासुद्धा नाही, पाठ जराशी वाकलेली.

अशी शेतं तेव्हा मध्य इंग्लंडमध्ये जागोजाग होती. मग कुंपणं आली. संसदेत कायदा करून घ्यायचा, कमिशनर यायचे, सगळे पट्टे आणि सामायिक कुरणं एकत्र करून नव्याने वाटायची, ज्याचे जेवढे हक्क तेवढा सलग तुकडा, आणि त्याला कुंपण. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० च्या वर कायदे झाले आणि ६८ लाख एकर जमीन कुंपणात गेली, इंग्लंडच्या एकूण जमिनीचा पाचव्या हिश्श्याहून जरा जास्तच भाग. ज्यांच्याकडे कागद होते त्यांचं चांगलं झालं. ज्यांच्याकडे फक्त वहिवाट होती, एक गाय सामायिक कुरणात सोडायची, जळण गोळा करायचं, त्यांना कमिशनरने विचारलं की हक्काचा पुरावा काय, आणि विषय संपला. लॅक्स्टनहून अर्ध्या तासावर साउथवेल आहे, तिथे १८२४ मध्ये बांधलेलं वर्कहाउस आता बघायला खुलं आहे. गरिबांना तिथे कामाला लावून ठेवायचे, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे, आणि पुढे १८३४ च्या गरिबांसाठीच्या कायद्यात याचाच कित्ता देशभर गिरवला गेला. एकाच दिवसात लॅक्स्टन आणि साउथवेल दोन्ही बघू नका असं मी सांगेन. किंवा बघाच, पण मग संध्याकाळी कुणाकडे जेवायला जाऊ नका.

मग लॅक्स्टन कसं वाचलं? मला वाटलं होतं गावकरी लढले असतील, काहीतरी बंड वगैरे. तसलं काही नाही. कडेकडेच्या जमिनीला इथेही कुंपणं पडलीच, आज जी उघडी शेतं आहेत ती १६३५ च्या मानाने खूप आटलेली, साधारण पाचशे एकर. पूर्ण कुंपण घालायचा विचार मॅनव्हर्स मंडळींच्या डोक्यात होता, पण गावात दुसऱ्या जमीनदाराचीही जमीन होती, त्यांचं आपसात जमलं नाही, खर्चाचा प्रश्न होता, राहिलं ते राहिलं. थोडक्यात दोन बड्या लोकांचं एकमत होत नव्हतं म्हणून हजार वर्षांची पद्धत टिकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे जरा मोठे केले, दोन-चार जोडून एक, नाहीतर यंत्रं वळणार कुठे. आपल्याकडे १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्याची आठवण झाली. फरक एवढाच की इथे एकत्र करूनही पट्टे पट्टेच ठेवले.

आणि कोर्ट ठेवलं. माझ्या मते हे गाव शेतांमुळे टिकलं नाही, या कोर्टामुळे टिकलं. कोर्ट लीट त्याचं नाव. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, गहू पेरून झाला की ज्युरीचा दिवस असतो. शेतकऱ्यांचीच ज्युरी आणि त्यांचा एक फोरमन. सकाळी पबपाशी जमायचं, ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर चढायचं, सोबत खुंट्यांचा भारा आणि मोगरी, आणि त्या वर्षीच्या गव्हाच्या शेतात जायचं. मी लांबून बघितलंय हे. थंडी अशी की बोटं वळत नाहीत, आणि ही माणसं पट्ट्याच्या टोकाला उभी राहून एक डोळा मिटून पलीकडच्या खुंटीकडे बघतायत, जरा डावीकडे घे, अजून, हां बस, की मोगरीचे चार घाव. खुंटी कुठे रोवायची, तर पट्टा संपून रस्ता किंवा गवताची पट्टी सुरू होते त्या हद्दीवर. नांगर त्यापलीकडे गेलेला असला तर तो तिथल्या तिथे सगळ्यांना दिसतो, कारण खुंटी गवताऐवजी नांगरटीत उभी असते. वाद घालायला जागाच नाही. कोणी फारसं बोलतही नाही, एकजण वहीत लिहून घेतो, थोडी थट्टा होते, ज्याचा पट्टा आहे तोही बऱ्याचदा तिथेच उभा असतो.

मग पबमध्ये जेवण. पबचं नाव डव्हकोट इन, आणि पुढच्या आठवड्यात कोर्ट भरतं तेही तिथेच. मालकाच्या वतीने स्टुअर्ड बसतो, तो वकील असतो, ज्युरी काय काय सापडलं ते सांगते, दंड ठरतो. हजर न राहणाऱ्यालाही भुर्दंड आहे. भटक्या गुरांसाठी कोंडवाडा आहे आणि पूर्वी त्यावर माणूस नेमलेला असायचा. १९७७ मध्ये सरकारने देशभरच्या असल्या जुन्या कोर्टांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतले, त्यातून लॅक्स्टनचं तेवढं वगळलं. कारण इतर गावांत उरला होता फक्त झगा आणि मिरवणूक, इथे खरोखर काम चालू होतं.

काही पौंडांच्या दंडाला कोण भीक घालतो, असं मला आधी वाटायचं. गहू तर त्याहून जास्तीचा येईल त्या हातभर जागेत. पण तो दंड लागतो सगळ्यांसमोर, आणि लावणाऱ्यांमध्ये आपला शेजारी असतो ज्याचं कापणी यंत्र आपल्याला लागणार आहे. शिवाय गुन्हा एका वर्षाचाच असतो. हे फार महत्त्वाचं वाटतं मला. दरवर्षी हद्द नव्याने बघतात, त्यामुळे हातभराचे दोन हात आणि दोनाचे दहा व्हायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे बांध कोरणारा दरसाल टीचभरच कोरतो, ओरड होते ती वीस वर्षांनी, आणि तोवर कुणालाच खरी हद्द आठवत नसते.

पण भावाचं ते म्हणणं, नोकरच झाला की, ते टाळून पुढे जाता येत नाही. लॅक्स्टन म्हणजे समता, सामायिक जमीन, सगळं सगळ्यांचं, असं लिहिणारे लोक भेटतात, त्यांनी नकाशा नीट बघितलेला नसतो. तो नकाशा मालकाने काढून घेतलाय. जमीन बहुतेक कुणा ना कुणा बड्याच्याच मालकीची, आल्सेलिन, एव्हरिंगहॅम, कोर्टीन, मॅनव्हर्स, आणि शेतकरी म्हणजे मोठ्या प्रमाणावर कुळं. कसेल त्याची जमीन हे इथे झालं नाही. आणि उलट असंही आहे की झालं असतं तर ही शेतं राहिली नसती, प्रत्येकाने आपला तुकडा घेऊन कुंपण घातलं असतं, मीही घातलं असतं. हे दोन्ही एकदम खरं आहे आणि ते मला काही जुळवता येत नाही. कुळाचा करार आहे म्हणून पट्टे टिकलेत आणि पट्टे टिकलेत म्हणून तो चिखलात उभा राहून शेजाऱ्याची खुंटी ठोकतोय.

ज्या गवताच्या पट्ट्यांसाठी हा सगळा बंदोबस्त, त्यांना इथे साइक म्हणतात. उताराच्या किंवा पाणी साचणाऱ्या जागा, जिथे नांगर चालत नाही, म्हणून त्या कधी नांगरल्याच नाहीत. त्यातल्या गवताचा दरवर्षी लिलाव होतो. जून-जुलैत जा म्हणजे कळेल, दोन्ही बाजूंना एकसुरी हिरवा गहू आणि मधे ही नागमोडी पट्टी, जांभळी, पिवळी, ग्रेट बर्नेट नावाच्या रानफुलाची काळपट लाल बोंडं वाऱ्यावर हलतायत. सरकारने आता या साइकना संरक्षित जागेचा दर्जा दिलाय. फुलं वाचवायची म्हणून कुणी काही केलं नव्हतं, दुसऱ्याच्या वाट्याच्या गवतात नांगर घालू नकोस एवढाच नियम होता.

मालकीची गोष्ट पुढे अशी गेली. १९५२ मध्ये शेवटच्या अर्ल मॅनव्हर्सने गाव आणि ही शेतं सरकारच्या शेती खात्याला विकली, जपली जावीत या हेतूने. १९५५ मध्ये तो गेला, वारस मुलगा नव्हता, पदवीही संपली. १९८१ मध्ये शेती खात्याने ती क्राउन इस्टेटला, म्हणजे राजगादीच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या संस्थेला विकली, पद्धत चालू ठेवायच्या बोलीवर. आणि २०२० मध्ये क्राउन इस्टेटने विकली थोर्स्बी इस्टेटला, म्हणजे जुन्या मॅनव्हर्स घराण्याच्याच वारसांकडे. फिरून घरात. प्रत्येक विक्रीच्या वेळी आता संपलं म्हणून ओरड झाली आणि प्रत्येक वेळी पुढच्या नोव्हेंबरात ट्रेलर निघाला. खरी काळजी वेगळीच आहे, शेतकरी कमी होत चाललेत, आणि पट्ट्यांवर एकट्यावर कुणाचं भागत नाही, बाहेरची सलग जमीन हाताशी असते म्हणून परवडतं. मोठं यंत्र घेऊन अरुंद पट्ट्यात फिरणं म्हणजे डिझेल जाळणं आहे, हे तेही उघड बोलतात.

जायचं असेल तर गाडीनेच जा, बसचं काही खरं नाही, आणि बूट जुने घाला. कोर्टाच्या शेवटी अजून एक काम उरतं, पुढच्या वर्षीच्या ज्युरीला शपथ द्यायची. पुढच्या वर्षी गहू दुसऱ्या शेतात असतो, त्यामुळे ज्युरीही नव्याने नेमतात, आणि नुकताच दंड झालेला माणूसही त्यात असू शकतो.